चार्ज घेतला

सासूबाईंनी तीनदा सांगितलं होतं की कौलांवर चढू नका. "जावईबापू, खाली उतरा. ते तुमचं काम नाय. उद्या गडी येतोय." पण मला कोणी असं म्हटलं की माझं डोकंच फिरतं. हरसूलच्या त्या घराची चार कौलं सरकली होती, आणि मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या उंच जाळीवरून रोज चालणारा ऑपरेटर. बारा फुटांवरच्या कौलांची मला काय भीती? तिसरं कौल बसवताना पायाखालचा वासा मोडला आणि मी अंगणात पाठीवर पडलो. दुखलं फारसं नाही, याचंच मला नवल वाटलं. सासूबाई माझे पाय चोळत होत्या आणि ते मला नुसतं दिसत होतं.

मणक्याला बेंबीच्या पातळीवर मार बसला होता. ऑपरेशन झालं, सळया बसल्या. हात आणि छाती शाबूत, कमरेखाली सगळा कारभार बंद. पुढचे तीन महिने नाशिकच्या एका हॉस्पिटलात गेले. तिथं एक सिस्टर होत्या. बोलणं तोडून टाकणारं, पण हाताला कमालीचा हळुवारपणा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आणि बायकोला समोर बसवून दोन गोष्टी समजावल्या.

पहिली कातडीची. "धडधाकट माणूस झोपेत दहा वेळा कूस बदलतो, त्याला पत्ताही नसतो. तुमचं शरीर आता तुम्हाला उठवणार नाही. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं, आणि आतून जखम सुरू होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उताणं, उजवी. रात्रीसुद्धा."

दुसरी लघवीची. "पिशवी भरली हे तुम्हाला कळणार नाही, घड्याळाला कळेल. चार-चार तासांनी नळी घालून रिकामी करायची. चारशे मिलीच्या वर जाऊ द्यायची नाही. तुंबली तर किडनीचं नुकसान." आणि त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

मी ती परत ट्रेमध्ये ठेवली. "हे माझ्याच्यानं जमणार नाही," म्हणालो. दुसऱ्यानं 'तुमचं काम नाही' म्हटलं की कौलांवर चढणारा मी, या वेळी आपल्याच तोंडानं तसं बोललो. जमणार नव्हतं असं नाही. मला ते करायचं नव्हतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, की एका माणसाला आता एवढंही आपोआप होऊ नये.

बायकोनं साबणानं हात धुतले आणि पुढे केले. "मला शिकवा," ती म्हणाली. दोन दिवसांत शिकली.

घरी आल्यावर मी माझा एकमेव हातभार लावला, तो म्हणजे रजिस्टर. आमच्या कंट्रोल रूममध्ये दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि लॉगबुकात लिहायचं असतं. एकोणीस वर्षं मी ते केलं, आणि एकदाही न बघता आकडा टाकला नाही. याचा मला भयंकर अभिमान. म्हणून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणून त्यात पट्टीनं रकाने आखले. वेळ, कूस, पाणी किती प्यालो, लघवी किती झाली, शेरा, सही. साडेदहा, साडेबारा, अडीच, साडेचार. प्रत्येक वेळी फोनचा अलार्म वाजायचा, बायको उठायची, मला वळवायची, पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी. अडीचला नळीही असायची. मग रजिस्टरात आकडा आणि कोपऱ्यात तिची छोटी सही. मी वर बघत पडून राहायचो.

ती त्र्यंबक रस्त्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती शाळेत असताना आम्ही ठेवलेला एक माणूस माझं बघायचा, पण रात्र सगळी तिची. सकाळी पावणेनऊला शिक्षकांची ठरलेली जीप नाक्यावर यायची, आणि ती चुकली की दिवसाचं सगळंच चुकायचं. चौथ्या महिन्यात ती पोळी भाजता भाजता उभ्याउभ्या झोपली. तव्याला हात लागून दोन बोटं भाजली. मला दिसू नयेत म्हणून तिनं ती पदरात धरली, पण चहाचा कप देताना दिसलीच.

त्या रात्री मी शहाणपणा करायचा ठरवला.

तिचा फोन उशीखाली असायचा. ती झोपल्यावर मी हात लांबवून तो काढला आणि अडीचचा अलार्म बंद केला. दुसऱ्या रात्री साडेबाराचाही. तिला वाटलं, आपणच झोपेत बंद केला असेल. मी म्हटलं, "अगं, तू उठलीस की! वळवलंस मला. तुला झोपेत आठवत नाही." आणि पुरावा म्हणून रजिस्टर दाखवलं. तिथं लिहिलेलं होतं, 'अडीच, उजवी कूस', आणि तिची छोटी सही. सही मी केलेली. एकोणीस वर्षं एक आकडा खोटा न लिहिणाऱ्या माणसानं आपल्या घरी, आपल्या पाठीचं खोटं रीडिंग लिहिलं.

अडीचची नळी चुकवायची तर पिशवी भरता कामा नये, म्हणून दुपारी चारनंतर पाणीच बंद केलं. अर्धा कप चहा, बास. मला वाटलं काय हुशार माणूस आहे मी. असं बारा-तेरा दिवस चाललं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं जरा फिकी झाली होती, आणि ती बघून मी मनातल्या मनात खूश व्हायचो.

मग एका शनिवारी मला थंडी वाजून ताप भरला. लघवी गढूळ, वास येणारी. अंग पुसायला तिनं मला कुशीवर केलं आणि तिचा हात थांबला. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिनं त्यावर अंगठा दाबून सोडला. दाबलं की कातडी पांढरी व्हायला हवी. डाग लालच राहिला.

हॉस्पिटलात सिस्टरांनी डाग पाहिला, लघवी तपासायला पाठवली, आणि रजिस्टर मागितलं. पानं उलटत गेल्या. "रजिस्टर अगदी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "एक पाळी चुकलेली नाही. मग हा डाग कोणाचा?"

बायकोनं त्यांच्या हातून रजिस्टर घेतलं. मला अजून आठवतं, ती एक-एक ओळ बोटानं वाचत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही माझी सही नाही." पुढच्या ओळीवर तेच. त्याच्या पुढच्या ओळीवर तेच. मला वाटलं, ओरडेल. मारलं असतं तरी चाललं असतं.

घरी आल्यावर ती एवढंच बोलली. "तुम्हाला वाटतं तुम्ही मला झोप दिलीत. तुम्ही माझं काम माझ्या हातातून काढून घेतलंत आणि ते केलंच नाहीत."



तापाला गोळ्यांचा कोर्स झाला. डाग जाईपर्यंत पाच आठवडे उताणं पडायचं नाही आणि व्हीलचेअरवर बसायचं नाही, फक्त दोन्ही कुशी. खुर्ची बंद, म्हणून ती घरी असेल तेव्हा दिवसाही मला वळवणं आलं, आणि तिचं काम आणखी वाढलं. फोन तिनं आता समोरच्या खिडकीत ठेवला, माझा हात पोचणार नाही असा.

याच आठवड्यांत रजिस्टरात मला एक घडी घातलेला कागद सापडला. तिच्या अर्जाची नक्कल होती. मुख्याध्यापक होण्याआधीच्या पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणासाठी तिचं नाव आलं होतं, पुण्याला. सतरा वर्षं तिनं त्याची वाट पाहिली होती. खाली तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'घरगुती अडचणीमुळे मी उपस्थित राहू शकत नाही.'

ती घरगुती अडचण म्हणजे मी.

आमच्या नोकरीत एक नियम आहे. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन 'चार्ज घेतला' अशी सही करत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. रिलीव्हर आला नाही की डबल ड्यूटी. लग्न असो, पोराचा वाढदिवस असो, बसून राहायचं. मी हिशेब केला तर ही बाई आठ महिने डबल ड्यूटीवर होती. आणि तिचा रिलीव्हर कुठं बाहेरगावी नव्हता. तो तिच्या समोरच लोळत पडला होता, पाय गेलेले, पण दोन्ही हात ठणठणीत.

संध्याकाळी मी विचारलं, "पुढची बॅच कधी?"

"दिवाळीनंतर. का?"

"त्या बॅचला जा. रात्र मी सांभाळतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "रजिस्टरात?"

कोणाचं बोलणं मला एवढं नेमकं कधी झोंबलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांना फोन लावला. म्हटलं, शिकायचंय. "नळीला हात लावणार?" हो. "मग डाग गेला की या. आणि नखं कापून या."

पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटं लागली. हात धुवा, जागा धुवा, नळीला जेली लावा, सरळ धरा, हळू आत सरकवा. मध्ये एका जागी अडल्यासारखं होतं. तिथं माझ्यासारख्या माणसाचा पहिला विचार असतो जोर लावायचा. "जोर कौलांवर लावलात तेवढा पुरे," सिस्टर म्हणाल्या. "थांबा. खोकू नका, बोलू नका, श्वास सोडा." मी श्वास सोडला. नळी पुढे गेली आणि भांड्यात धार पडली. तो आवाज मला आजपर्यंत ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा गोड वाटला, अगदी खरं सांगतो. मी भांडं डोळ्यांसमोर धरून आकडा मोठ्यानं वाचला, "तीनशे वीस!" पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले.

पाणीही सुरू केलं. दिवसभर थोडं थोडं, ठरलेल्या पेल्यानं, आणि रात्री आठनंतर दोन घोट. कमी प्यायचं नाही, नीट वाटून प्यायचं, हे माझ्या डोक्यात आता कायमचं बसलं आहे.

नळीपेक्षा कूस अवघड निघाली. ओळखीच्या वेल्डरकडून पलंगाच्या दोन्ही बाजूंना एक इंची पाइपाचे कठडे करून घेतले आणि प्लांटमधल्या रेलिंगसारखा पिवळा रंग दिला. रीत अशी: आधी हातानं एक पाय उचलून दुसऱ्यावर टाकायचा. मग दोन्ही हात सरळ वर, एकदा इकडे, एकदा तिकडे झोका द्यायचा, आणि तिसऱ्या झोक्याला कठडा पकडून अंग ओढायचं. ऐकायला सोपं. मी पहिले पंधरा दिवस कासवासारखा उताणा हात हलवत होतो. अर्ध्यावर जायचो आणि धपकन मागे. मग शिव्या. त्या शिव्यांना घाबरून बायकोनं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

सासूबाई त्या दिवसांत हरसूलहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी पडल्याचं सगळं खापर त्या स्वतःवर घ्यायच्या. कौलं त्यांच्या घराची होती ना. कानानं कमी ऐकतात म्हणून माझ्या शिव्या त्यांच्यापर्यंत पोचायच्या नाहीत, हे एक बरं होतं. एका सकाळी त्या दारात बसून मेथी निवडत होत्या आणि मी पलंगावर झोके घेत होतो. एक, दोन, आणि तिसऱ्याला हात कठड्यावर बसला, खांदा वळला, कंबर वळली, मागून तो जड, परका पायही वळला. मी उजव्या कुशीवर होतो. समोर भिंत होती. ती भिंत मी आठ-नऊ महिन्यांत कोणाच्या मदतीशिवाय पहिल्यांदा पाहत होतो.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. मी ओरडलो, "मामी!" त्यांनी ऐकलं, यावरूनच आवाज केवढा असेल बघा.

मेथी तशीच ठेवून त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. दुपारी शाळेतून बायको आली तर घरभर तळणाचा वास. ताटात मुरड घातलेले कानोले. "आज काय आहे?" तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडं लेकरू पयल्यांदा कुशीवर वळलं की कानोले करत्यात. आज तुझा नवरा वळला." बायको माझ्याकडे बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग हसता हसता रडली. मीही. पंचेचाळिसाव्या वर्षी कुशीवर वळलो म्हणून शेजारच्या तीन घरांत कानोले गेले, आणि त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं तेव्हा सासूबाईंनी खुशाल खरं सांगितलं.

त्यानंतर मला कोणी थांबवू शकलं नाही. पाठीमागे उशी स्वतः कोंबायला शिकलो. सकाळी लांब दांडीचा आरसा घेऊन माकडहाड, नितंब, टाचा, सगळीकडे बघायला शिकलो. कातडी पक्की राहते हे पाहून सिस्टरांनी दोन तासांचे तीन केले, मग चार. म्हणजे रात्रीचा कार्यक्रम असा झाला: साडेदहाला नळी आणि डावी कूस, अडीचला नळी आणि उजवी, सहाला पुन्हा नळी. अख्ख्या रात्रीत फक्त एकदा उठणं. आणि तो अलार्म आता माझ्या फोनवर.

गणपतीनंतर बायको पहिल्यांदा आतल्या खोलीत झोपली. अडीचला मी उठलो, दिवा लावला, तर ती दारात उभी. "झोप जा," म्हटलं. ती गेली नाही. मी सगळं करेपर्यंत उभी राहिली. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री पुन्हा. मला राग आला, पण माझ्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचं तिला काही कारणच नव्हतं.

म्हणून मी रोज सकाळी आपणहून कुशीवर वळायचो आणि म्हणायचो, "तपास." ती अंगठा दाबायची. कातडी पांढरी व्हायची, अंगठा उचलला की पुन्हा आपल्या रंगावर यायची. तिनं रजिस्टर उघडलं नाही. तिचा अंगठा हेच रजिस्टर. असं तीन आठवडे चाललं. तिचं दारात येऊन उभं राहणं आधी एक रात्र आड, मग आतूनच नुसती हाक, असं करत कमी होत गेलं.

आणि मग तो मंगळवार. सहाची नळी झाली, आकडा लिहिला, तीनशे ऐंशी. साडेसहा झाले, सात झाले. आतून काही हालचाल नाही. साडेसात झाले. उन्हाची तिरीप पलंगावर आली. सासूबाई उठवायला निघाल्या तर मी हातानंच त्यांना बसवलं. पावणेनऊला नाक्यावर जीप थांबून हॉर्न वाजवून निघून गेली, तो हॉर्न आम्हाला घरात ऐकू आला. सव्वानऊला बायको केस विस्कटलेली, गालावर उशीची घडी उमटलेली, धावत बाहेर आली.

"उठवलं का नाही मला? जीप गेली! सतरा वर्षांत माझी जीप चुकली नाही!"

"माहितीय," मी म्हटलं. "म्हणूनच नाही उठवलं."

ती माझ्यावर चिडली होती, घड्याळावर चिडली होती, आणि मध्येच थांबली. तिच्या लक्षात आलं असावं की आपण दहा तास झोपलो. तिनं जवळ येऊन मला वळायला लावलं, अंगठा दाबला, सोडला. मग रात्र माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा रजिस्टर हातात घेतलं, माझ्या ओळी वाचल्या, आणि शाळेत फोन लावून सांगितलं की आज येत नाही, झोपणार आहे.

दिवाळीनंतर ती पुण्याला निघाली. दिवसा सासूबाई होत्या, रात्री मी. बॅग दारात होती, रिक्षा बाहेर उभी होती. ती परत आत आली. मला वाटलं काही विसरलं. तिनं रजिस्टर घेतलं, नवी ओळ काढली आणि लिहिलं, 'चार्ज दिला', खाली तिची छोटी, खरी सही. मग पेन माझ्या हातात दिलं. मी 'चार्ज घेतला' लिहिलं आणि माझी सही केली, माझ्या स्वतःच्या नावाची.

पहिल्या दोन रात्री अडीच वाजता तिचा फोन आला. वळलात का? किती झाली? पाणी किती प्यालात? मी आकडे वाचून दाखवायचो आणि ती ठेवायची.

तिसऱ्या रात्री अडीचला मी वळलो, नळी झाली, तीनशे चाळीस. फोनकडे बघत थोडा वेळ थांबलो. तो वाजला नाही. पलीकडे पुण्यात कुठल्याशा वसतिगृहात ती झोपली होती, माझी चौकशी न करता, गाढ. मी दिवा मालवायच्या आधी रजिस्टर ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'फोन आला नाही. सर्व ठीक.'